पाणी मागण्यापुरते इंग्रजी

महाराष्ट्रात इंग्रजी विद्या कशी आली हे सांगताना आपल्याकडे एक ठरावीक क्रम लागतो. १८१८ साली पेशवाई बुडाली, एल्फिन्स्टनच्या आश्रयाने मुंबईस शाळापुस्तके तयार करणारी मंडळी उभी राहिली, १८३५ साली मेकॉलेने आपले टिपण लिहिले, १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक व वागळे हे पहिले पदवीधर बाहेर पडले. मग मिल्ल आला, स्पेन्सर आला; मग निबंधमाला, केसरी आणि सुधारक. हा क्रम चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. पण तो वाचताना मला नेहमी एक शंका छळते. ज्या मुलाने पंधराव्या वर्षी मिल्टन पाठ केला, त्याला एखाद्या साहेबाच्या घरी तहान लागली असती, तर पाणी मागता आले असते काय? आणि येत असेल, तर ते त्याला कोणी शिकविले?

शंका क्षुल्लक आहे खरी. शिक्षणखात्याच्या जाडजूड अहवालांत तिचे उत्तर सापडत नाही, कारण पाणी मागणे ह्या विषयाची परीक्षा कोणी घेत नसे. परंतु परकी भाषा शिकणे म्हणजे काय हे समजून घ्यायचे, तर मला वाटते, मिल्टनपेक्षा हाच धागा धरून मागे जावे.

मागे जाऊ लागले म्हणजे पहिली गंमत ही की नित्याच्या बोलण्याचे धडे प्रथम छापले गेले ते आपल्यासाठी नव्हेत, साहेबांसाठी. विल्यम कॅरी ह्या पाद्र्याने १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे मराठी भाषेचे इंग्रजी व्याकरण छापले आणि त्याला नित्याच्या विषयांवरील संवाद जोडले. त्याचे मदतनीस वैजनाथ पंडित. कॅरी कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवीत असे. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना उद्या मराठी मुलखात जावे लागले, तर चाकराशी, कारकुनाशी, शेतकऱ्याशी दोन शब्द बोलता यावेत ही त्यामागची सोय. पाच वर्षांनी, १८१० साली, त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यातले मराठी शब्द मोडी ठशांत छापलेले होते. ज्यांना राज्य करायचे होते त्यांनी आधी संवाद शिकला आणि मग कोश केला, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आमच्याकडे बरोबर उलटे झाले.

पेशव्यांच्या दरबाराने तर इंग्रजी शिकण्याची तसदीच घेतली नाही. १७८६ पासून मॅलेट पुण्यास वकील म्हणून राहिला, पण त्याच्याशी चाललेला व्यवहार फारसीतून, हिंदुस्थानीतून आणि दुभाष्यांच्या तोंडून. आपल्या शत्रूच्या स्वयंपाकघरात काय बोलले जाते हे जाणून घ्यावे, असे त्या काळच्या आपल्या चतुर मुत्सद्द्यांना वाटले नाही, ह्याचे नवल वाटते. जो एक मराठा राजा खरोखर इंग्रजी बोलू शकत होता तो पुण्यापासून फार दूर, कावेरीकाठी, तंजावरास होता. दुसरे सरफोजी राजे लहानपणी श्वार्ट्झ ह्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढले. १७९८ साली गादीवर आल्यावर त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयात युरोपीय ग्रंथांची भर घातली, वाड्यात छापखाना काढला आणि त्यात १८०६ साली सखण्णा पंडिताने केलेले इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ ह्या नावाने छापविले. १८२६ च्या मार्चअखेर कलकत्त्याचा बिशप हीबर त्यांना भेटला. हे राजे लाव्हाझिए आणि लिनीयस ह्यांचे दाखले सहज देतात, शेक्सपिअरविषयी स्वतःचे मत बाळगतात, हे पाहून तो थक्क झाला आणि तसे त्याने लिहून ठेवले. पुढे थोड्याच दिवसांत त्रिचनापल्लीस हीबर मरण पावला. सरफोजींना ही भाषा आली ह्याचे कारण पुस्तके नव्हेत. पुस्तके नंतर आली. लहानपणापासून त्यांच्याशी कोणीतरी ती बोलत होते, हे खरे कारण.

राजवाड्याच्या दुसऱ्या टोकाला, छावणीत आणि गोदीत, इंग्रजी शिकणारे आणखी एक विद्यापीठ चालू होते. त्याला पुस्तक नव्हते, गुरुजी नव्हते, फी नव्हती. तेथे शब्द कानाने येत आणि जिभेला सोसतील तसे बसत. कंपूत राहणारी पलटण, तिच्यावर कप्तान, त्याच्यावर कर्णेल. अंगात पाटलोण, पायात बूट, हातात बाटली. खुद्द गव्हर्नरसाहेब ‘अलपिष्टन’ झाले. रात्रीच्या पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाने अंधारात ‘हू कम्स देअर’ म्हणून दटावले, ते आमच्या शिपायांनी ‘हुकुमदार’ असे उचलले. कोण येते आहे असे विचारण्यासाठी तीन शब्द आहेत, त्यांत एक क्रियापद आहे, हे त्या शिपायाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला एवढे ठाऊक होते की हा आवाज ऐकल्यावर जागच्या जागी उभे राहिले नाही तर गोळी येते. भाषेचा अर्थ ह्याहून नेमका कोणत्या कोशाने दिला असेल?

इंग्रजांच्याही आधी पोर्तुगीजांचे शब्द आपल्याकडे असेच आले होते. पगार, चावी, लिलाव, पिंप, घमेले, बिजागरी हे शब्द वापरताना आपण एक परकी भाषा बोलत आहो असे कोणाच्या मनातही येत नाही. त्यांच्यासाठी कोणी वर्ग काढला नव्हता. ज्याला पगार हवा होता त्याने तो शब्द शिकून घेतला, इतकेच.

मुंबईत १८२२ साली स्वतंत्रपणे सुरू झालेल्या शाळापुस्तक मंडळीने ह्याच्या अगदी विरुद्ध टोकाला आरंभ केला. तेथे ग्रंथ हे दैवत. मंडळीचे काम पाहणारे सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे ह्यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ मराठीत आणला. मूळ पुस्तक बर्कां ह्या फ्रेंच लेखकाचे, पण बापूंपुढे होते ते त्याचे इंग्रजी. त्यांच्याच आसऱ्याने कोकणातल्या पोंभुर्ले गावचा बाळ गंगाधर जांभेकर मुंबईस इंग्रजी शिकला आणि वयाच्या विशीत, ६ जानेवारी १८३२ रोजी, त्याने ‘दर्पण’ काढले. मराठी वृत्तपत्रांचा जनक म्हणून आपण बाळशास्त्र्यांचे स्मरण करतो ते योग्यच आहे. पण ‘दर्पणा’चे पान डोळ्यांपुढे आणले म्हणजे मला ते वृत्तपत्राइतकेच शिकवणीचे पान वाटते. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. एका बाजूवर हात ठेवावा, दुसरी वाचावी, मग हात काढून ताडून पाहावे, असे कित्येक तरुणांनी केले असेल अशी माझी अटकळ आहे. मात्र त्या स्तंभांत राज्यकारभार होता, विद्या होती, परदेशची हकीकत होती. जेवायला बसा, बरे आहे ना, उद्या येतो, हे नव्हते. ते वृत्तपत्रात असणार तरी कसे?

कोशांचेही तेच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, शब्द साठ हजारांच्या घरात. १८४७ साली मेजर कँडीने इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. हे दोन्ही ग्रंथ म्हणजे मराठी भाषेवरचे मोठे उपकार आहेत. कुणब्याच्या औताच्या प्रत्येक भागाला काय म्हणतात हे आज आपण मोल्सवर्थलाच विचारतो. पण कोशात शब्द सुटे सुटे, वाण्याच्या दुकानातल्या धान्यासारखे, पोत्यापोत्यांत भरलेले असतात. त्यांचा भात शिजवून देणे हे कोशकाराचे काम नव्हे.

तो भात शिजविण्याचा प्रयत्न केला भाषांतरमालांनी. ह्या पद्धतीचा उत्तम नमुना आपल्याकडे आधी संस्कृतसाठी झाला हे पुष्कळांच्या लक्षात नसते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८६४ साली संस्कृतचे पहिले पुस्तक लिहिले ते इंग्रजीत. नियम, मग शब्द, मग संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात करावयाची वाक्ये. म्हणजे पुण्यामुंबईचा मराठी मुलगा आपल्या पूर्वजांची भाषा साहेबाच्या भाषेच्या पायरीवरून चढू लागला! ह्याच घाटाने द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांनी इंग्रजीसाठी तीन भागांची भाषांतर पाठमाला केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती घरोघरी गेली. ‘तर्खडकर’ हे माणसाचे नाव न राहता पुस्तकाचे झाले. अमक्याचे तर्खडकर कोठवर आले, असे विचारीत. एखाद्याचे इंग्रजी व्याकरणशुद्ध पण ताठर असले म्हणजे त्याला ‘तर्खडकरी इंग्रजी’ म्हणून हिणवीतही.

माझ्या संग्रही पहिल्या भागाची एक जीर्ण प्रत आहे, रद्दीवाल्याकडून आलेली. मागचे पुठ्ठे गेलेले आहे. कोणा अज्ञात विद्यार्थ्याने शब्दांच्या यादीशेजारी शिसपेन्सिलीने बाळबोधीत उच्चार लिहिले आहेत. सुरीला इंग्रजीत जो शब्द आहे त्यापुढे त्याने प्रथम ‘क्नाइफ’ लिहिले, मग केव्हातरी ते खोडून ‘नाइफ’ केले. त्या दोन नोंदींच्या मध्ये काय घडले असावे ह्याचा मी पुष्कळदा विचार करतो. पुस्तकाने त्याला ती चूक दाखविली नसणार. पुस्तकाला ती दिसतच नव्हती. त्याला एखादा माणूस भेटला असला पाहिजे, आणि तो शब्द त्याच्या तोंडून ऐकावयास मिळाला असला पाहिजे.

आता उच्चार तरी कधी ना कधी सुधारतो. पाठमालेला खरी अडचण होती ती दुसरीच, आणि तिच्यावर तर्खडकरच काय, कोणताच ग्रंथकार उपाय करू शकला नसता. घरगुती बोलण्यात शब्दाला शब्द ठेवताच येत नाही. मराठी माणूस पाणी मागतो तेव्हा ‘जरा पाणी द्या’ म्हणतो. ह्यात विनंती कोठे आहे? ‘जरा’मध्ये थोडी आहे, ‘द्या’च्या आदरार्थी रूपात थोडी आहे आणि उरलेली स्वरात आहे. इंग्रजाला त्यासाठी ‘प्लीज’ असा स्वतंत्र शब्द लागतो आणि तो विसरला तर माणूस उद्धट ठरतो. आम्ही त्याला ‘कृपया’ किंवा ‘मेहेरबानी करून’ असा प्रतिशब्द दिला. पण सुनेने सासूला ‘कृपया मीठ द्या’ म्हटले तर सासू तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहील. ‘थँक यू’ची गोष्ट त्याहून नाजूक. पाणी देणाऱ्याचे आभार मानणे आमच्या रीतीत बसत नव्हते. तहानलेल्याला पाणी देणे हा धर्म. त्याबद्दल आभार मानले तर देणाऱ्याला परके केल्यासारखे होई. फार तर पिणारा ‘बरे वाटले’ म्हणे. ‘धन्यवाद’ हा शब्द होता, पण तो एखाद्याची वाखाणणी करण्यासाठी; त्याला आभारप्रदर्शनाच्या कामाला आपण मागाहून जुंपले. उलट आमचे ‘येतो’ पाहा. घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणावयाचे नाही, जाणारा ‘येतो’ म्हणतो आणि घरची माणसे ‘या’ म्हणतात. हे शब्दशः इंग्रजीत सांगितले तर साहेब दाराशी वाट पाहत बसेल.

सर्वनामांनी तर विद्यार्थ्यांना फारच छळले असावे. तू, तुम्ही आणि आपण ह्या तिघांसाठी इंग्रजीत एकच ‘यू’. जे मूल बापाला ‘अहो’ आणि आईला ‘अगं’ म्हणत वाढले, त्याने गव्हर्नरला आणि घोड्याच्या मोतद्दाराला एकाच शब्दाने हाक मारावयाची! काही जुन्या मंडळींना ह्यात अनर्थ दिसला. पण ज्यांना जन्मभर ‘अरे’ आणि ‘ए’ एवढेच ऐकावे लागले होते, त्यांना त्याच शब्दात वेगळे काही दिसले असल्यास नवल नाही. सावित्रीबाई फुल्यांच्या ‘काव्यफुले’ ह्या १८५४ च्या संग्रहात इंग्रजी शिका असे सांगणारी कविता आहे. तिच्याकडे केवळ राजनिष्ठा म्हणून पाहणारे टीकाकार ही साधी गोष्ट विसरतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितला जाणारा ‘वाघिणीचे दूध’ हा शब्दप्रयोग प्रसिद्धच आहे. शास्त्रीबोवांना त्या दुधाने अंगात जोर यावयास हवा होता. सावित्रीबाईंना ते मुळात वाटीत पडावयास हवे होते.

पुस्तकाने जे येत नाही ते माणसाकडून घ्यावे लागते, ह्याचे एक रमणीय उदाहरण तर्खडकरांच्याच आडनावाच्या घरात आहे. मराठीचे पहिले मोठे व्याकरण १८३६ साली छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचे धाकटे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. १८७८ साली त्यांच्या मुंबईच्या घरी एक सतरा वर्षांचा बंगाली मुलगा राहावयास आला. त्याचे वडील बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी नोकरीतले पहिले हिंदी गृहस्थ, अहमदाबादेस न्यायाधीश होते. धाकट्या भावाला विलायतेस पाठवावयाचे होते. त्याने इंग्रजी ग्रंथ वाचले होते, पण तोंड उघडत नव्हते. इंग्रजी रीतीभातीच्या घरात तो काही आठवडे राहिला तर जिभेला वळण लागेल असा विचार झाला. ही कामगिरी आत्मारामपंतांची कन्या अन्नपूर्णा, म्हणजे अ‍ॅना, हिच्याकडे आली. ती वयाने त्याच्याहून मोठी आणि विलायत पाहून आलेली. विद्यार्थ्याचे नाव रवींद्रनाथ ठाकूर.

ह्या प्रसंगावर आपल्याकडे पुष्कळ हळवे लेखन झालेले आहे. त्याने तिला ‘नलिनी’ हे नाव दिले, ह्याच मुक्कामाची आठवण त्यांनी म्हातारपणी सांगितली, त्याने दाढी वाढवू नये असे तिने त्याला बजावले होते, वगैरे. ते असो. मला त्यात मौज वाटते ती निराळीच. मराठी व्याकरणकाराच्या पुतणीने बंगाली कवीला इंग्रजी बोलावयास शिकविले, आणि ते कोणत्याही पाठमालेवाचून. दोघांपैकी एकाचीही ती मातृभाषा नव्हती. जेवणाच्या मेजावर, दिवाणखान्यात, चहाच्या वेळी जे बोलावयाचे ते बोलूनच शिकावे लागते, आणि त्यासाठी समोर असे माणूस लागते की ज्याच्यापुढे चुकण्याची लाज वाटत नाही. २० सप्टेंबर १८७८ रोजी रवींद्रनाथ बोटीत बसले. अ‍ॅनाने पुढे बडोद्याच्या कॉलेजातील प्राध्यापक हॅरल्ड लिटलडेल ह्यांच्याशी लग्न केले आणि १८९१ साली एडिंबरो येथे तिचा अंत झाला. तिच्या विद्यार्थ्याला १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते त्याने स्वतः इंग्रजीत उतरविलेल्या कवितांमुळे, हे ऐकावयास ती नव्हती.

त्याच सुमारास दुसऱ्या एका मराठी घरात इंग्रजीचा धडा चालला होता, पण तेथे चहाचे मेज नव्हते. टपालखात्यातले कारकून गोपाळराव जोशी आपल्या लहानग्या बायकोला शिकवीत होते, आणि अभ्यास चुकला तर तिच्यावर हातही टाकीत. १८६५ साली जन्मलेली ही आनंदी नवऱ्याच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी फिरली. गोपाळरावांनी अमेरिकन पाद्र्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मिशनरी मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कारपेंटरबाई १८८० साली दंतवैद्याकडे बसल्या असता ते त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी ह्या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. तेथून पुढे आनंदीबाईंचे इंग्रजी वाढले ते ह्या पत्रांवर. पत्र हे पुस्तक आणि बोलणे ह्यांच्या मधले काहीतरी असते: लिहिलेले असते, पण कोणीतरी आपल्यालाच उद्देशून लिहिलेले.

त्या पत्रांत आनंदीबाई कारपेंटरबाईंना ‘आँट’ म्हणू लागल्या. हा शब्द इंग्रजी, पण त्यातली वृत्ती शंभर टक्के मराठी आहे. परक्या वडीलधाऱ्या बाईला नुसते ‘मिसेस’ म्हणून बोलणे मराठी मुलीला किती कोरडे वाटले असेल! इंग्रजीत मावशी, आत्या, काकू, मामी ह्या सगळ्या एका ‘आँट’मध्ये बुडून जातात, असे आपण त्या भाषेला नावे ठेवतो. आनंदीबाईंनी त्याच दरिद्री शब्दातून हवी ती मावशी काढून घेतली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी आपण अमेरिकेस का जातो हे भरसभेत इंग्रजीतून सांगितले. सहज ध्यानात येते ते असे की कॅरीने साहेबांसाठी मराठी संवाद छापले ते गाव हेच, आणि हे कॉलेज स्थापन करणाऱ्यांतही तोच होता. ७ एप्रिलला त्या बोटीत बसल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा बंदरावर मावशी उभी होती. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, पुण्यास वारल्या.

इंग्रजी बोलण्याची किंमत बायकांना अशी काही ना काही द्यावीच लागे. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत न्यायमूर्तींनी त्यांना शिकविल्याचे जितके वर्णन आहे तितकेच घरातल्या वडील बायकांच्या टोमण्यांचे. शिकवावयास मडमेशेजारी बसले की विटाळ, म्हणून शिकवणी संपली की स्नान. एक भाषा शिकण्यासाठी इतके पाणी क्वचितच कोणी अंगावर घेतले असेल. घरातल्या त्या बायकांना आज हसणे सोपे आहे. पण त्यांचे भय अगदीच निराधार होते असे मला वाटत नाही. पुरुषांचे इंग्रजी कचेरीत राहत होते. ते माजघरात आले की घरातल्या बोलण्याची रीत बदलणार, आणि ती बदलली की कोणी कोणापुढे मान खाली घालावयाची हेही बदलणार, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

आणि आता पाण्याची दुसरी गोष्ट. लष्करात सुभेदारीपर्यंत चढलेले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केलेले रामजी सकपाळ ह्यांनी आपल्या धाकट्या मुलाकडून तर्खडकरांची पाठमाला घटवून घेतली. ह्या मुलाला शाळेत नळाला हात लावण्याची बंदी होती; शिपायाने नळ उघडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान. संस्कृत शिकण्याची त्याची इच्छा होती. त्याला ते शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. भांडारकरांचे ते सुंदर पुस्तक बाजारात होते, पण ते शिकविणारा गुरुजी ह्या मुलासाठी नव्हता. तर्खडकरांना मात्र गुरुजीची आडकाठी नव्हती. पैसे टाकले की पुस्तक मिळत होते आणि ते उघडणाऱ्याची जात विचारीत नव्हते. त्या ताठर, व्याकरणाच्या कसाने बांधलेल्या वाक्यांना मी वर नावे ठेवली आहेत, पण ती ह्या घरात कोणत्या उपयोगी पडली हेही नमूद केले पाहिजे. जिभेचे वळण संगतीने येते खरे. पण ज्याला कोणी संगतीला बसू देत नाही, त्याने काय करावे? १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. १९१३ साली, आनंदीबाईंनंतर बरोबर तीस वर्षांनी, तेही न्यूयॉर्कला उतरले. ज्या इंग्रजीत त्यांनी पुढे लिहिले त्यात तर्खडकरी ताठरपणाचा मागमूसही नाही.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण तो सरकारी आहे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्याने इंग्रजी मागे ढकलले. ते आठव्या इयत्तेपासून शिकवावे असे ठरले. हेतू चांगला होता, मराठीला श्वास घेऊ द्यावा असा. परिणाम मात्र असा झाला की ज्यांच्या घरी इंग्रजी होते त्यांचे काही बिघडले नाही, आणि ज्यांच्या घरी नव्हते त्यांचा कान तेराव्या-चौदाव्या वर्षी, म्हणजे घट्ट झाल्यावर, उघडला. पुढे महाराष्ट्र राज्यात ते पाचवीपासून आले आणि २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून. त्या निर्णयावर तेव्हा मोठे वादळ उठले. विरोध करणाऱ्यांत भाषेवर जीव असलेली पुष्कळ मंडळी होती, पण त्यांपैकी अनेकांची स्वतःची मुले तेव्हा कोठल्या शाळेत जात होती हा प्रश्न खेड्यातले पालक विचारीत होते, आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार होता.

मोऱ्यांच्या त्या निर्णयाने एक गोष्ट झाली, तीही बहुधा कोणी न ठरविता. दीडशे वर्षे जी भाषा डोळ्यांनी शिकविली गेली, ती सहा वर्षांच्या मुलांना डोळ्यांनी शिकविता येईना, कारण त्यांना अजून अक्षरेच येत नव्हती. तेव्हा नाइलाजाने गाणी आली, हातवारे आले, ‘सिट डाउन’ आणि ‘स्टँड अप’ आले. मी गेल्या काही वर्षांत कामानिमित्त जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांतून हिंडलो आहे. पहिलीतली पोर लघवीला जाऊन परत येते, उंबऱ्यापाशी थबकते, आणि एका दमात ‘मेआयकमिन’ म्हणते. त्यात चार शब्द आहेत, पहिल्यात परवानगीचा भाव आहे, हे तिला माहीत नाही. गुरुजी मान हलवितात आणि ती आत येते. तिचा तो जोडून टाकलेला शब्द ऐकला की मला छावणीतला ‘हुकुमदार’ आठवतो. तोही दाराशीच म्हटला जात असे, फक्त पलीकडच्या बाजूने.